‘बाळ आपलं आपण घेतंच’ असं म्हणणं आता थांबवा

गरोदर बाईच्या ताटाचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘बाळाला लागेल ते बाळ आईकडून ओढून घेतंच.’ सासू म्हणते, शेजारीण म्हणते, आणि तपासायला आलेल्या बाईला दोन मिनिटांत मोकळं करणारे काही डॉक्टरही म्हणतात. त्याला जोडून दुसरं येतं: ‘आमच्या वेळी कुठल्या गोळ्या नि कुठल्या सोनोग्राफ्या? दिवस भरेपर्यंत खुरपलं, मिरची-भाकरीवर नऊ महिने काढले, तरी पोरं शिकून इंजिनिअर झालीच की.’ ही वाक्यं धीर देण्यासाठी, मायेपोटी बोलली जातात हे मला मान्य आहे. पण त्यांचा परिणाम काय होतो? बाळ आपलं आपण घेत असेल तर नवऱ्याला काळजी करायचं कारण उरत नाही, घरात अर्धा लिटर दूध जास्त घ्यायचं कारण उरत नाही आणि सरकारला त्यासाठी पैसे ठेवायचं कारण उरत नाही. सगळ्यांना मोकळं करणारं हे वाक्य खोटं आहे, आणि सर्वांत जास्त खोटं आहे ते बाळाच्या मेंदूच्या बाबतीत.

त्यात तथ्याचा अंश आहे, तो आधी मान्य करते. वार आईच्या रक्तातलं लोह आणि कॅल्शियम जोर लावून बाळाकडे नेते. गर्भाची वाढ खुंटायला लागली की त्याचं शरीर इतर अवयवांचं रक्त कमी करून मेंदूकडे जास्त वळवतं. म्हणून अशा बाळांचे हातपाय काटकुळे आणि डोकं त्यामानाने मोठं दिसतं. हे पाहून लोक म्हणतात, बघा, निसर्गाने मेंदू राखला. पण ही संकटकाळातली धडपड असते. अशी मुलं मोठी होत असताना भाषेत, एकाग्रतेत, शिकण्यात मागे पडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्तच राहतो. मेंदूला आधी मिळालं म्हणजे पुरेसं मिळालं असं होत नाही.

लोहाचंच घ्या. गर्भात लोह तुटपुंजं पडलं की ते आधी तांबड्या पेशींच्या वाट्याला जातं आणि मेंदू मागे राहतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले बालरोगतज्ज्ञ मायकेल जॉर्जिएफ कित्येक वर्षं हेच मांडत आले आहेत. म्हणजे जन्मलेल्या बाळाचं हिमोग्लोबिन अगदी ठीक भरतं, तरीही त्याच्या मेंदूला लोह कमी पडलेलं असू शकतं. आठवण साठवण्याशी ज्याचा संबंध आहे तो हिप्पोकॅम्पस गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत झपाट्याने वाढतो, मज्जातंतूंवरचं आवरण तेव्हाच चढायला लागतं, आणि या दोन्ही कामांना लोह लागतं. ‘बाळ गुटगुटीत आहे, रक्त चांगलं आहे, मग कसली कमतरता?’ या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. आणि आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गरोदर बायकांपैकी ५२ टक्क्यांना रक्तक्षय निघाला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आयोडीनचा पुरावा तर याहून थेट आहे. पहिल्या काही महिन्यांत गर्भाला स्वतःचं थायरॉइड संप्रेरक पुरेसं तयार करता येत नाही. आईकडून जे येईल त्याच्याच बळावर मेंदूच्या पेशी आपापल्या जागी पोचतात. पापुआ न्यू गिनीतल्या जिमी खोऱ्यात १९६६ मध्ये एक प्रयोग झाला. एका कुटुंबाला आयोडीनयुक्त तेलाचं इंजेक्शन, पुढच्याला साध्या सलाइनचं, असं आलटून पालटून दिलं गेलं आणि नंतर जन्मलेली मुलं तपासली गेली. आयोडीन न मिळालेल्या आयांच्या ५३४ मुलांत २६ जणांना क्रेटिनिझम झालेला आढळला, म्हणजे बहिरेपण, चालण्यातला दोष आणि तीव्र बौद्धिक अपंगत्व. आयोडीन मिळालेल्या आयांच्या ४९८ मुलांत अशी ७ मुलं होती, आणि त्या ७ पैकी ६ जणांच्या आयांना इंजेक्शन मिळालं तेव्हा दिवस आधीच गेलेले होते. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या सहा आयांच्या शरीरात आयोडीन पोचलं होतं, पण वेळ निघून गेली होती. वेळ होती तेव्हा बाळाने ‘ओढून’ घ्यायचं तरी कुठून?

आपल्या देशात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात मिठातून आयोडीन देऊन गलगंड कमी करून दाखवला. आज वाण्याकडे मिळणारं आयोडीनयुक्त मीठ त्या कामाचं फळ आहे. असं असताना ‘नैसर्गिक’ म्हणून दिवस गेलेल्या सुनेच्या स्वयंपाकात फक्त आयोडीन न घातलेलं सैंधव मीठ वापरण्याची जी टूम शहरांतल्या सुखवस्तू घरांत आली आहे, ती पाहून मला काळजी वाटते. घरात पैसा असूनही हे नुकसान ओढवून घेतलं जातं.

आता पुण्याकडे येऊ. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास करत आहेत. या बायकांचं दिवस जाण्याआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं. शेतात राबणं, पाणी आणणं, सगळं चालूच. त्यांच्यातल्या ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं वजनाने बरी निघाली; नुसत्या भाकरी-भाताने पोट किती भरलं यावर फारसं काही ठरलं नाही. आणि रक्त तपासलं तेव्हा जवळपास दोनतृतीयांश बायकांत बी-१२ कमी होतं.

ती मुलं नऊ वर्षांची झाल्यावर काय केलं गेलं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. गरोदरपणात ज्यांचं बी-१२ सर्वांत कमी होतं आणि ज्यांचं सर्वांत जास्त होतं, अशा दोन टोकांच्या आयांची मुलं बोलावली. मुलापुढे एक कागद ठेवला. कागदावर विखुरलेले छोटे गोल, प्रत्येकात एक आकडा. एकपासून सुरुवात करून पेन्सिल न उचलता दोन, तीन, चार असं शोधत जोडत जायचं. बी-१२ जास्त असलेल्या आयांच्या मुलांना सरासरी १५९ सेकंद लागले, कमी असलेल्यांच्या मुलांना १८२. ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणून दाखवण्यातही ही दुसरी मुलं मागे पडली. सर्वसाधारण बुद्धिमत्तेच्या चाचणीत मात्र दोन्ही गटांत फरक निघाला नाही, हेही सांगायला हवं.

तेवीस सेकंदांचं एवढं काय, असं कोणी विचारेल. चौथीच्या वर्गात बाई फळ्यावर गणित लिहून पुसायला लागतात तेव्हा ज्याची वही अर्धीच भरलेली असते, त्याला विचारा. हे मूल मठ्ठ नसतं. त्याला समजतं, पण लक्ष टिकत नाही, मधली पायरी डोक्यात धरून ठेवता येत नाही. शाळा त्याला ‘लक्ष नाही’, ‘चंचल आहे’ म्हणते, घरी मार बसतो. हे नुकसान हॉस्पिटलच्या कागदावर कधी येत नाही, म्हणून तर ‘बाळ आपलं घेतंच’ हे वाक्य टिकून राहतं. हातपाय धड असलेलं, रडणारं, दूध पिणारं बाळ समोर असलं की आपण परीक्षा संपली असं मानतो.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा नेदरलँड्सचा आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी देशाच्या पश्चिम भागाची रसद तोडली आणि शहरांतलं रोजचं शिधावाटप हजार कॅलरींच्याही खाली गेलं. त्या उपासमारीत आईच्या पोटात असलेली मुलं एकोणिसाव्या वर्षी सैन्यभरतीला आली तेव्हा त्यांची बुद्धिमत्ता चाचणी झाली, आणि झीना स्टाइन, मर्विन ससर यांच्या गटाने १९७२ मध्ये दाखवून दिलं की त्यांचे गुण इतरांपेक्षा कमी नव्हते. ‘बघा, उपाशी आयांची मुलंही हुशार निघाली’ असं म्हणणाऱ्यांचा हा आवडता दाखला. पण या लोकांची कथा तिथे संपली नाही. ज्यांचा गर्भ ऐन उपासमारीच्या दिवसांत राहिला होता त्यांच्यात मज्जासंस्थेचे जन्मजात दोष जास्त आढळले आणि मोठेपणी स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. चीनमध्ये १९५९ ते ६१ च्या दुष्काळात जन्मलेल्या आन्हुइ प्रांतातल्या लोकांतही पुढे तसंच दुप्पट प्रमाण दिसलं. शिवाय त्या डच आया उपासमारीच्या आधी वर्षानुवर्षं नीट खाल्लेल्या होत्या आणि युद्ध संपताच त्यांच्या मुलांना दूध-लोणी मिळू लागलं. काही महिन्यांची ती उपासमार आणि धडगाव-अक्कलकुव्यासारख्या आदिवासी भागातल्या मुलीची जन्मापासूनची अर्धपोटी अवस्था या दोन गोष्टी एका तराजूत घालणं चूक आहे. डच आईजवळ साठा होता. आपल्या मुलीजवळ तो कधी झालाच नाही.

आणि ‘आमच्या वेळी’चं काय? स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात होती. आजीला आठ बाळंतपणं झाली असं आपण सांगतो. त्यातली किती जगली ते सांगत नाही. जगलेल्यांपैकी एक इंजिनिअर झाला तो गोष्टीत येतो. ज्याला ऐकू येत नव्हतं, जो दुसरीतून घरी बसला आणि जन्मभर गुरांमागे राहिला, तो काका गोष्टीत येत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत आपण निवडून उचललं तर नाही होत.

जेवणाइतकाच दुसरा विषय संसर्गाचा, आणि तिथेही तशीच समजूत आहे: ‘साधा ताप आहे, उतरेल.’ १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे एकापाठोपाठ मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं येऊ लागली. आयांना विचारल्यावर कळलं की बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. रुबेलात आईला होतं काय? थोडा ताप, अंगावर पुरळ, तीन दिवसांत बरं. पण तेवढ्यात विषाणू वारेतून पलीकडे पोचलेला असतो आणि बाळाचे डोळे, कान, हृदय, मेंदू यांना इजा झालेली असते. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २० हजार बाळं अशी जन्मली, आणि त्यांतल्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या स्टेला चेस यांना त्यांच्यात ऑटिझमचं प्रमाण कितीतरी जास्त दिसलं. आईचा आजार किती किरकोळ वाटला यावरून बाळाचं काय झालं ते ठरत नाही. २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या शाळांमधून गोवर-रुबेलाची लस दिली गेली तेव्हा व्हॉट्सॲपवरच्या अफवांवर विश्वास ठेवून ज्या पालकांनी मुलीला त्या दिवशी घरी ठेवलं, त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचवणं आपलं काम होतं. दहा वर्षांच्या मुलीच्या दंडातली ती सुई पंधरा वर्षांनी होणाऱ्या तिच्या बाळाच्या मेंदूसाठी होती.

डासांमुळे पसरणाऱ्या झिका विषाणूचंही तेच. ब्राझीलमध्ये २०१५-१६ साली लहान डोक्याची बाळं जन्मू लागली तेव्हा जग हादरलं. महाराष्ट्रात पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात जे रुग्ण निघाले त्यांत गरोदर बायकांची संख्या मोठी होती. झिका झालेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. गच्चीवरच्या टाकीत, कुंडीखालच्या ताटलीत साठलेल्या पाण्यात जो डास वाढतो त्याचा बंदोबस्त एकटी गरोदर बाई करू शकत नाही. तो सोसायटीने आणि महापालिकेनेच करायचा असतो.

इथे मला दुसऱ्या बाजूच्या अतिरेकालाही उत्तर द्यायचं आहे. आईच्या तापाने, तिच्या शरीराच्या प्रतिकाराने बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो हे उंदरांवरच्या प्रयोगांत नीट दिसलं आहे. कॅलिफोर्नियातले पॉल पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी विषाणू न वापरता, गरोदर उंदरिणीत नुसता प्रतिकार चेतवून, इंटरल्युकिन-६ या रसायनाचा हात त्यात दाखवून दिला. पण म्हणून सर्दी-तापाने प्रत्येक बाळाला ऑटिझम होतो असं नाही. स्वीडनच्या साडेपाच लाख मुलांवरच्या २०२२ च्या अभ्यासात असं दिसलं की आईला झालेल्या गंभीर संसर्गाचा ऑटिझमशी संबंध दिसतो खरा, पण दिवस जाण्याआधीच्या वर्षात झालेल्या संसर्गाशीही तो तसाच दिसतो. म्हणजे कारण बहुधा दुसरीकडे आहे. आईला घाबरवणं हा उपाय नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पॅरासिटामॉलला ऑटिझमसाठी बोल लावला आणि आपल्याकडच्या गरोदर मुलीही तापात गोळी घ्यायला बिचकू लागल्या. स्वीडनमध्येच सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी तपासून, सख्ख्या भावंडांची तुलना करून, असा संबंध नसल्याचं २०२४ साली दाखवलं गेलं होतं. ताप अंगावर काढणं जास्त वाईट. मलेरिया, लघवीचा संसर्ग, सिफिलिस यांची वेळेवर तपासणी आणि उपचार झाला तर बाळ वाचतं. सिफिलिसला तर साधं पेनिसिलिन पुरतं.

भूक आणि संसर्ग आपण वेगवेगळे मोजतो, शरीर मात्र त्यांना एकत्र भोगतं. अंगात जंतूंशी झुंज चालू असली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि आतड्यातून लोह आत घ्यायची वाट बंद होते. म्हणजे गढूळ पाणी पिणाऱ्या, वरचेवर हगवण-ताप येणाऱ्या बाईला लोहाच्या गोळ्या देऊन ‘हिचं रक्त वाढतच नाही, गोळ्या फेकून देत असणार’ असं म्हणणं अन्याय आहे. पाण्याची टाकी नीट झाल्याशिवाय तिच्या गोळ्यांना यश येणार नाही.

याच ठिकाणी गर्भसंस्कारांबद्दल बोलायला हवं. आईने शांत असावं, गाणं ऐकावं, चांगलं वाचावं, यात वाईट काही नाही. मला ते आवडतं. आक्षेप दुसरा आहे. बाळाची बुद्धी आईच्या विचारांनी, श्लोकांनी, मनःस्थितीने घडते असं सांगणारे वर्ग, ॲप आणि पुस्तकं आज घरोघरी आहेत, आणि त्यांच्यामुळे मेंदू घडवण्याची सगळी जबाबदारी हळूच आईच्या मनावर येऊन पडते. मग मूल उशिरा बोललं, ऑटिस्टिक निघालं, की नातेवाईक विचारतात, ‘त्या महिन्यांत काय मनात होतं तुझ्या? रडत होतीस का?’ चोर सोडून संन्याशाला फाशी. तिला कुणी विचारत नाही की तुझ्या ताटात काय होतं, तू कितव्या पंगतीला जेवत होतीस. डोहाळजेवणाला एक दिवस पाच पक्वान्नांचं ताट आणि धनुष्यबाणाचा फोटो. उरलेल्या दोनशे सत्तर दिवसांत सगळ्यांचं आटोपल्यावर तळाला राहिलेली आमटी आणि गार पोळी. ‘जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल, अडशील’ म्हणून तिचा घास अजूनही मोजला जातो.

घरातल्या ताटाचं हे वास्तव ओळखूनच २०१५ साली राज्याने आदिवासी भागासाठी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली: गरोदर बाईने अंगणवाडीत येऊन एक वेळचं गरम, पूर्ण जेवण तिथेच बसून जेवायचं. तिथेच बसून, ही त्यातली मोलाची गोष्ट आहे. घरपोच दिलेलं पाकीट घरात सगळ्यांत वाटलं जातं, आणि ते वाटणारी आईच असते. ही सोय आदिवासी पट्ट्यापुरती का? मराठवाड्यातून ऊस तोडायला जाणाऱ्या, पोटात सहा महिन्यांचं मूल घेऊन डोक्यावर मोळी उचलणाऱ्या बाईला हे ताट कुठल्या अंगणवाडीत मिळणार?

वेळेचा मुद्दाही सुटता कामा नये. गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मेंदू आणि मणक्याची नळी मिटते. फॉलिक ॲसिड दिवस जाण्याआधीपासून घेतलं तर ती नीट न मिटल्याने होणारे दोष पुढच्या बाळात पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ मध्ये सिद्ध केलं. आपल्याकडे पाळी चुकून महिना-दीड महिना झाल्यावर बाई नोंदणीला येते आणि मग गोळी मिळते. मेंदूच्या पहिल्या पायरीसाठी हे वरातीमागून आलेलं घोडं आहे. म्हणून शाळेतल्या, कॉलेजातल्या, नुकतं लग्न झालेल्या मुलीपर्यंत पोचावं लागेल. मुंबईच्या वस्त्यांतल्या बायकांना पालेभाजी, सुकामेवा, दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला तेव्हाही दिसलं की दिवस जाण्याच्या तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांच्या बाळांचं वजन वाढलं. फार कृश बायकांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. ज्यांच्या अंगात काहीच नाही त्यांना खाऊची एक वडी पुरत नाही.

आणि बी-१२? सरकारच्या लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. पुण्याच्याच संशोधकांनी पुढे किशोरवयीन मुला-मुलींना रोज फक्त २ मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं. त्यांतल्या मुली आई झाल्या, आणि त्यांची बाळं दोन वर्षांची झाल्यावर आकलनात आणि भाषेत ती इतरांच्या पुढे होती. अभ्यास लहान आहे, त्यामुळे तो मोठ्या प्रमाणावर पुन्हा व्हायला हवा; पण तोवर दूध-अंड्याला मुकलेल्या मुलींच्या गोळीत इतकं स्वस्त जीवनसत्त्व घालायला आपण का थांबलो आहोत, याचं उत्तर आरोग्य खात्याने द्यावं.

शेवटी पैशाचं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी नोकरीतल्या आणि तत्सम लाभ मिळणाऱ्या बायका सोडून प्रत्येक गरोदर बाईला किमान ६ हजार रुपये देण्याचं वचन दिलं. प्रत्यक्षातली मातृ वंदना योजना पहिल्या बाळासाठी ५ हजार देते, आणि दुसऱ्या खेपेला फक्त मुलगी झाली तरच ६ हजार. मुलगी जन्मावी म्हणून दिलेलं हे उत्तेजन मी समजू शकते. पण दुसऱ्या खेपेला पोटुशी असलेली बाई नऊ महिने काय खाते हे बाळ जन्मल्यावर, ते मुलगी आहे हे पाहिल्यावर आलेल्या पैशाने ठरत नाही, आणि मुलगा झाला तर तो पैसाही येत नाही. ही रक्कम कायद्यात लिहिली आहे तितकी, प्रत्येक खेपेला, नोंदणीच्या दिवशी तिच्या स्वतःच्या खात्यात पडली पाहिजे.